ढुंडिराज गोविंद फाळके : चित्रकलेचा एक विद्यार्थी

मुलाचा हात चित्रकलेकडे वळलेला दिसला म्हणजे बहुतेक कुटुंबांतून प्रथम कौतुक आणि मागाहून काळजी उत्पन्न होते. वहीच्या पानावर काढलेला गणपती पाहुण्यांस आवर्जून दाखविला जातो. परंतु तोच मुलगा शालान्त परीक्षेनंतर चित्रकला किंवा छायाचित्रण शिकावयाचे म्हणू लागला की घरातील वडील मंडळी गप्प होतात. शासकीय रेखाकला परीक्षेमुळे दहावीला जे थोडेफार वाढीव गुण मिळतात, तेवढ्यापुरतीच आमच्या घरांतून या विद्येची किंमत केली जाते, हे कटू असले तरी खरे आहे.

वास्तविक डहाणू-तलासरीच्या भागात राहणाऱ्यांस चित्र ही वस्तू परकी वाटण्याचे कारण नाही. गेरूने रंगविलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिण्याची वारली स्त्रियांची परंपरा आपल्या शेजारीच नांदत आली आहे, आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांस याच कलेबद्दल २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांची विद्या भिंतीपाशी शिकलेली होती. शाळेच्या बाकावर बसून, गुरूपुढे, यंत्रे व रसायने हाताळून कला शिकण्याची वाट निराळी. ती वाट महाराष्ट्रात ज्यांनी आरंभीच्या काळात तुडविली, त्यांपैकी एका विद्यार्थ्याचे चरित्र येथे सांगावयाचे आहे. मुंबईहून बडोद्यास जाणारा लोहमार्ग आपल्या डहाणू रोडवरूनच जातो. १८८५ ते १८९३ या काळातले त्या विद्यार्थ्याचे शिक्षण या मार्गाच्या दोन टोकांस झाले. पहिले धडे मुंबईस व पुढचे बडोद्यास. पुढे सारा देश त्यांस दादासाहेब फाळके या नावाने ओळखू लागला. त्यांनी काढलेल्या चित्रपटांविषयी बरेच लिहिले गेले आहे. त्यांच्या विद्यार्थिदशेकडे मात्र लेखकांनी घाईघाईने पाहिले आहे, असे आम्हांस वाटते.

ढुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. घरातले वातावरण पाठांतराचे, पूजाअर्चेचे व पुराणश्रवणाचे. ढुंडिराजांचा ओढा मात्र बालपणापासून चित्रे काढणे, नाटकातील सोंगे करणे व जादूचे खेळ यांकडे होता. दाजीशास्त्र्यांस मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याची जागा मिळाली आणि कुटुंब त्र्यंबक सोडून मुंबईस आले. हा योग साधला नसता तर मुलाचे काय झाले असते, याचा तर्क करण्यात अर्थ नाही. परंतु एवढे खरे की शास्त्र्याच्या घरातील हा मुलगा १८८५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाला. पिढीजात विद्येचा मान असलेल्या घरातून मुलास रेखाटने गिरविण्यासाठी धाडणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आज आपण ज्या वयाच्या मुलाविषयी काळजी करतो, नेमके तेच हे वय.

ही कलाशाळा १८५७ साली सुरू झालेली. फाळके दाखल झाले त्या सुमारास तिची सूत्रे जॉन ग्रिफिथ्स या चित्रकाराकडे होती. १८७२ पासून ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत जात व तेथील भित्तिचित्रांच्या नकला करवून घेत. हे काम १८८५ पर्यंत चालले. शिकविण्याची पद्धत विलायती होती. आधी रेषा, मग छायाप्रकाश, मग प्लास्टरच्या मूर्तीवरून व प्रत्यक्ष वस्तूवरून रेखाटन. ही पद्धत कोरडी होती, असा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला आणि तो निराधार नाही. पण वस्तूवर प्रकाश कोठून पडतो आणि छाया कोठे सांडते, हे डोळ्यास एकदा कळले म्हणजे ते विसरता येत नाही; छायाचित्रकारास तर तेच भांडवल.

छायाचित्रणाचे शिक्षणही मुंबईस नवे नव्हते. १८३९ साली युरोपात ही कला जाहीर झाली, १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि लगेच १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग उघडला. विद्यार्थ्यांस शाळेतच कॅमेरा हाताळावयास देण्याची कल्पना आज कोणास अगदी ताजी वाटत असेल, तर तिचे वय दीडशे वर्षांहून अधिक आहे हे लक्षात घ्यावे.

कलाशाळेत एक वर्ष काढून १८८६ च्या आरंभी ढुंडिराज थोरले बंधू शिवरामपंत यांच्यासमवेत बडोद्यास गेले. त्याच सुमारास त्यांचा विवाहही झाला. बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांची कारकीर्द चालू होती. नव्या उद्योगविद्या आपल्या प्रजेस शिकविण्याची महाराजांची हौस प्रसिद्धच आहे. १८९० साली तेथे कलाभवन ही संस्था निघाली आणि रसायनशास्त्रज्ञ प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे तिचे प्रमुख झाले. गज्जरांसारखा गुरू लाभणे हे फाळक्यांच्या आयुष्यातील मोठे भाग्य होय. कलाभवनात ते तैलरंग व जलरंग यांतील चित्रकला शिकले, मूर्तीचे नमुने घडविणे शिकले, वास्तुरचनेची आखणी शिकले. १८९० सालीच त्यांनी एक कॅमेरा मिळविला आणि काचा धुणे, छापे काढणे यांचे प्रयोग सुरू केले. १८९२ च्या अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनात नाट्यगृहाची आदर्श प्रतिकृती मांडून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. चित्रकलेच्या विद्यार्थ्याने पदक मिळविले ते नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

गज्जरांनी या विद्यार्थ्यास रतलाम येथे ठसे करण्याची विद्या शिकण्यासाठी धाडले. हे काम काय असते ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण फाळक्यांच्या पुढील साऱ्या उद्योगाची किल्ली येथेच आहे. छापखान्याच्या शाईस फिकट व गडद असे भेद करता येत नाहीत. ती एक तर कागदास लागते किंवा लागत नाही. म्हणून चित्र बारीक जाळीच्या काचेतून पुन्हा छायाचित्रित करतात. जाळीमुळे त्याचे हजारो ठिपके होतात, गडद जागी मोठे व उजळ जागी लहान. मग ती प्रतिमा जस्त किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवून आम्लाने कोरतात. रंगीत चित्राकरिता तांबड्या, हिरव्या व निळ्या काचेतून तीन वेगळ्या प्रतिमा घ्याव्या लागतात आणि पिवळ्या, तांबड्या व निळ्या शाईचे तीन ठसे तंतोतंत एकावर एक बसवावे लागतात. केसभर चूक झाली की चित्र बिघडले. या कामात अंधारखोलीत बोटांनी पाहावे लागते आणि प्रकाश किती क्षण द्यावयाचा हे मनात मोजावे लागते. १८९३ पासून गज्जरांनी कलाभवनाचे छायाचित्रगृह व प्रयोगशाळा फाळक्यांस वापरू दिली. शिकत असता धंदाही सुरू करता यावा अशी ही सोय होती. आजच्या किती कलाशाळा आपल्या विद्यार्थ्यास इतका विश्वास देतात, कोण जाणे.

येथवरचे चरित्र वाचून कोणा पालकास धीर आला असेल, तर पुढील भागही त्याने वाचला पाहिजे. १८९५ च्या सुमारास फाळके धंदेवाईक छायाचित्रकार म्हणून गोध्र्यास गेले. तेथे १९०० साली प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी व मूल दोन्ही गेली. तीस वर्षांचा हा कलावंत रिकाम्या हातांनी बडोद्यास परतला. तेथे धंदा बसेना. छायाचित्र काढविले म्हणजे आयुष्य घटते असा समज लोकांत होता. पोटासाठी त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले, आणि एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून आपल्याच नावाची अक्षरे उलटवून प्रोफेसर केळफा या नावाने जादूचे प्रयोग केले. १९०२ साली गिरिजाबाई करंदीकर यांच्याशी त्यांचा द्वितीय विवाह झाला. याच सरस्वतीबाई. यांच्याविषयी पुढे स्वतंत्र लिहावे लागेल.

१९०३ साली पुराणवस्तु-संशोधन खात्यात आरेखक व छायाचित्रकार म्हणून नोकरी मिळाली. सरकारी खाते, नियमित वेतन; आपल्यापैकी बहुतेकांनी येथे सुटकेचा निःश्वास टाकला असता. वंगभंगानंतर स्वदेशीची लाट उसळली आणि १९०६ च्या सुमारास फाळक्यांनी ती नोकरी सोडून लोणावळ्यास ठसे व छपाईचा कारखाना काढला. जवळच मळवलीस राजा रविवर्म्यांचा शिळाछाप छापखाना होता. देवादिकांची जी रंगीत चित्रे त्या काळी घरोघरी भिंतीवर लागली, त्यांच्या छपाईचे काम फाळक्यांनी केले. पुढे हा व्यवसाय मुंबईस दादर येथे आला, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने नावारूपास आला, आणि नवी यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली फाळके जर्मनीस जाऊन आले. परंतु भागीदारांशी पटले नाही आणि त्यांनी तो चालता छापखाना सोडला. भागीदारांशी न पटणे हा त्यांच्या आयुष्यात वारंवार आलेला प्रसंग आहे, आणि सारा दोष नेहमी भागीदारांचाच होता असे मानणे चरित्रलेखकास शोभणार नाही. आपल्या कामात कोणी बोट घातलेले त्यांस खपत नसे.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातील एका चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पडद्यावर ख्रिस्त पाहताना राम आणि कृष्ण असेच हिंडताबोलताना दिसावेत या कल्पनेने त्यांस पछाडले. त्यानंतर त्यांनी रात्रंदिवस चित्रपट पाहण्याचा व यंत्राशी प्रयोग करण्याचा इतका सपाटा लावला की डोळे बिघडून काही काळ दिसेनासे झाले. ज्याचे सारे भांडवल डोळ्यांत, त्याचेच डोळे जावेत! वैद्यकीय उपचारांनी व चष्म्यांनी दृष्टी परत आली. मग विम्याचे पत्र तारण ठेवून पैसा उभा केला आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांनी लंडनकडे प्रयाण केले. तेथे बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाचे संपादक केबर्न यांनी त्यांस सेसिल हेपवर्थ या चित्रपटनिर्मात्याकडे नेले. थोड्या दिवसांतच फाळक्यांनी हवे ते पाहून घेतले आणि विल्यमसन कॅमेरा, फितीस छिद्रे पाडण्याचे व ती धुण्याचे साहित्य मागवून १ एप्रिलला ते परत आले.

इतक्या अल्पावकाशात एवढी मोठी विद्या कशी साधली, याचे अनेकांस आश्चर्य वाटते. आमच्या मते यात चमत्कार नाही. प्रकाश मोजणे त्यांस येत होते, काच धुणे येत होते, रसायने ठाऊक होती, देखावे रंगविता येत होते, मूर्ती घडविता येत होती, नाट्यगृहाची रचना हातून झाली होती आणि प्रेक्षकांची नजर चुकविण्याची जादूगाराची युक्तीही अंगी होती. लंडनमध्ये त्यांस शिकावयाचे उरले होते ते एवढेच की ही सारी अंगे एका यंत्राभोवती कशी जुळवावयाची. पंधराव्या वर्षापासून जे जे शिकले, त्यांतील एकही गोष्ट वाया गेली नाही. पण ती उपयोगी पडावयास पंचवीसांहून अधिक वर्षे लागली, हेही तितकेच खरे.

मुंबईस आल्यावर भांडवलदारांची खात्री पटविण्यासाठी त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज थोडेथोडे चित्रण करून अंकुर फुटून वेल वाढतो कसा, हे क्षणांत दाखविणारी लहानशी चित्रफीत तयार केली. मोठा देखावा नाही, नट नाहीत, खर्च नाही. कुंडी, कॅमेरा आणि चिकाटी. शाळेतील कोणत्याही विद्यार्थ्यास आज हा प्रयोग घरी करून पाहता येईल. हा अंकुर पाहून पैसे मिळाले, तथापि ते पुरेनात, तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले.

या बाईंची कामगिरी केवळ दागिन्यांपुरती नव्हती. विलायतेहून येणारी कच्ची फीत कोरी असे. तिच्या कडांना छिद्रे पाडल्याखेरीज ती यंत्रात फिरत नसे. हे काम अंधारात बसून सरस्वतीबाईंनी केले. फिती धुण्याची रसायने कालविणे, चित्रणाच्या वेळी पांढरी चादर धरून उजेड नटांच्या तोंडावर परावर्तित करणे, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करणे, हे सारे त्यांच्याच अंगावर होते. मुले लहान होती. चित्रकलेची शाळा त्यांनी कधी पाहिली नव्हती. पण छायाचित्रणाची अंधारखोली त्या पतीकडून शिकल्या आणि देशातील पहिल्या चित्रपट-तंत्रज्ञ स्त्रियांत त्यांची गणना करावी लागते. त्यांचे नाव कोठल्याही पारितोषिकास दिलेले आम्हांस आढळत नाही.

राजा हरिश्चंद्र हा चित्रपट सुमारे सात महिन्यांत पुरा झाला. त्याची लांबी तीन हजार सातशे फूट. एका फुटात सोळा चौकटी धरल्या तर साठ हजारांच्या आसपास छायाचित्रे होतात, आणि ती सर्व घरच्या अंधारखोलीत धुतलेली. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले. रोहिदासाची भूमिका फाळक्यांचा मुलगा भालचंद्र याने केली. तारामतीसाठी कोणीही स्त्री मिळेना. अखेर एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणास लुगडे नेसविण्यात आले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रगृहात चित्रपट लागला आणि लोकांची रीघ लागली.

त्यानंतर फाळक्यांनी आपले बिऱ्हाड व कारखाना नाशकास हलविला. पुढच्या मोहिनी भस्मासुरात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमला या प्रत्यक्ष स्त्रिया पडद्यावर आल्या. १९१७ च्या लंकादहनात साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या आणि मारुती आकाशात उडाला. या चित्रपटाचे उत्पन्न मद्रासेस बैलगाडीतून न्यावे लागले, असे सांगतात. १९१९ च्या कालियामर्दनात कृष्ण झाली ती फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी. या चित्रपटाच्या आरंभी ती मुलगी आपल्या नित्याच्या वेषात येते, निरनिराळे भाव चेहऱ्यावर दाखविते आणि मग तीच बालकृष्ण होते. रेखाटनाच्या वर्गात एकाच चेहऱ्याचे अनेक अभ्यास मांडतात, तसाच हा भाग वाटतो.

१९१८ साली मुंबईच्या भांडवलदारांच्या भागीदारीने हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. श्रीकृष्णजन्म याच कंपनीचा. पैसा आला आणि मतभेदही आले. फाळके सर्व सोडून काशीस जाऊन राहिले आणि तेथे रंगभूमी हे नाटक लिहिले. १९२२ च्या सुमारास ते परत आले खरे, तथापि पूर्वीचे स्वामित्व परत आले नाही. दरम्यान कोल्हापुरास बाबूराव पेंटर पुढे आले होते. तेही मूळचे पडदे रंगविणारे चित्रकार. नंतर बोलपटाचे युग सुरू झाले. सेतुबंधन हा फाळक्यांचा शेवटचा मूकपट १९३२ चा. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला गंगावतरण हा त्यांचा एकमेव बोलपट १९३७ साली पडद्यावर आला. नव्वदांहून अधिक चित्रपट काढणाऱ्या या पुरुषाची अखेरची वर्षे नाशकात अडचणीत गेली. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिए या त्यांच्याच जातकुळीच्या, जादूगारी करून चित्रपटाकडे वळलेल्या कलावंतावर उतारवयात पॅरिसच्या रेल्वे स्थानकावर खेळणी विकण्याची पाळी आली होती. म्हणजे दुर्दैव केवळ आपल्याच देशातले नव्हे. नवी कला शोधणाऱ्याने हिशेबाची वही दुसऱ्याच्या हाती दिली की बहुधा असेच घडते. कलाभवनात ठसे, रंग व मूर्ती शिकविल्या. जमाखर्च व करारपत्र कोणी शिकविले नाही. आजही कलाशाळेत जाणाऱ्या मुलास घरच्यांनी द्यावयाचे काही असेल तर ते हे शिक्षण होय, आणि आपल्यासारख्या व्यवहारी कुटुंबांना ते देणे जड नाही.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेबांचा अंत झाला. १९६९ पासून केंद्र सरकार त्यांच्या नावे चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पारितोषिक देत आले आहे. त्यांचे बहुतेक चित्रपट मात्र नष्ट झाले. त्या काळची नायट्रेटची फीत सहज पेट घेई व न पेटली तरी कुजून जाई. राजा हरिश्चंद्राचे काही भाग, कालियामर्दन आणि आणखी काही तुकडे तेवढे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपले. त्यांत चित्रपट कसे तयार करतात हे समजावून देणाऱ्या, १९१७ च्या एका लघुपटाचे थोडे अवशेष आहेत. त्यात फाळके स्वतः दिसतात. नटांस सूचना देतात, फीत उजेडास धरून पाहतात, कात्रीने कापतात आणि पुढचा तुकडा हाती घेतात.